नऊ आण्यांचा पाना

ट्रॉय, मिशिगन

ती. काका-काकू आणि तासगावच्या घरातील सर्व मंडळींस सा. न. वि. वि.

आबा (तासगावात अण्णा, जन्म १९४४) हे ब्रेकचे इंजिनिअर, दोन नातवंडांचे आजोबा आणि मिशिगन राज्यातील सर्वांत सावकाश गाडी चालवणाऱ्या इसमांपैकी एक होते. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली तेव्हा ते शाळेत होते. तोवर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही सगळी ओळ पाठ करून झाली होती, त्यापायी छड्याही खाऊन झाल्या होत्या; आणि ज्या सोळा आण्यांसाठी हा खटाटोप, तो रुपयाच सरकारने शंभर नव्या पैशांचा करून टाकला. हे नुकसान त्यांनी मनाला लावून घेतले. त्याची भरपाई पुढे अमेरिकेने केली, ती कशी ते यथाक्रम येईल.

सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून मेकॅनिकलची पदवी घेऊन ते १९६९ मध्ये अमेरिकेस गेले. १९४६ च्या कायद्यानुसार भारतातून वर्षाला अवघ्या १०० जणांना तिथे कायमचे राहायला जाता येत असे. १९६५ च्या कायद्याने देशवार कोट्याची ती पद्धत मोडली, १९६८ मध्ये तो पूर्णपणे लागू झाला आणि इंजिनिअर-डॉक्टरांची रांग लागली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी हा कायदा खास तासगावकरांसाठी केला, असे आबांचे मत होते. इतिहासाची पुस्तके इतक्या खोलात जात नाहीत. त्या काळी बरोबर ८ डॉलर नेण्याची मुभा असे. १९६६ च्या अवमूल्यनानंतरच्या साडेसात रुपये दराने त्याचे ६० रुपये होत. एवढ्या भांडवलावर माणूस निघे आणि विमानतळावर न्यायला येणारा ओळखीचा चुकला, तर त्यातले निम्मे टॅक्सीत जात.

सुरुवातीच्या निळ्या एरोग्रामांत हवामान आणि जेवण हे दोनच विषय आढळतात. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे ३५० मीटर खोल मिठाची मोठी खाण आहे. १९१० पासून तिथून मीठ निघते आणि हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवायला पसरले जाते. त्याविषयी आबांनी घरी लिहिले की इकडे मीठ जमिनीखाली आहे, रस्त्यावर आहे, गाडीच्या पत्र्यावर आहे, फक्त ताटात नाही.

मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत ते ब्रेक विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सत्तरच्या दशकात अमेरिकी गाड्यांच्या पुढच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क ब्रेक सर्रास येऊ लागले होते. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या ब्रेकशूंपासून लांब सरतो. लायनिंगची पकडही सैलावते, आणि लांबच्या उतारावर पॅडल खोल जाऊ लागते. डिस्क उघड्यावर असल्यामुळे लवकर निवते. घरी पाहुण्यांना हे समजावताना आबा कपातला चहा बशीत ओतत. अमेरिकी पाहुण्यांना ब्रेक कळला की नाही याची नोंद नाही, पण चहा बशीतून पिणे हे भारतातले प्रगत तंत्र आहे एवढे त्यांना पटत असे.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. १९९५ मध्ये ती उठली. आबांपुरती ती उठली नाही. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ५५ ऐवजी ७० ने गेल्यास ते दीडपटीहून अधिक होते, हे गणित मागून भोंगे वाजत असताना ते शांतपणे तोंडी करून दाखवत. मंडळाच्या गणपतीला त्यामुळे हे कुटुंब नेहमी आरतीच्या शेवटी, म्हणजे प्रसादाच्या नेमक्या वेळेला पोचत असे. ब्रेकच्या इंजिनिअरने उशीर केला तर त्याला उशीर म्हणू नये, असा घरात दंडक होता.

गॅरेज हा या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग. अमेरिकेत पान्यांची मापे इंचाच्या अपूर्णांकांत असतात आणि छेद बहुधा सोळापर्यंत जातो. इंच म्हणजे रुपया, हे आबांनी पहिल्याच आठवड्यात ओळखले. मग १/८ चा पाना चवली, १/४ चा पावली, १/२ चा अधेली, ३/४ चा बारा आणे आणि ९/१६ चा नऊ आणे झाला. मायदेशाने मोडीत काढलेली पावकी-निमकी परदेशी कामाला आली. १९७५ मध्ये अमेरिकेने मेट्रिकचा कायदा केला खरा, पण तो ऐच्छिक ठेवला. गाड्यांना मिलिमीटरचे नट येऊ लागले तेव्हा आबांनी दुसरा संच घेतला आणि त्याला ‘नवे पैसे’ असे नाव देऊन वेगळ्या खणात टाकले. १३ मिलिमीटरचा पाना अधेलीच्या नटावर जरासा सैल बसतो आणि नटाचे कोपरे खातो. सरकारी दशमानावरचा त्यांचा राग त्यामुळे शेवटपर्यंत ताजा राहिला.

नातवंडांनी आणा कधी पाहिलेला नाही, पण हिशोब पक्का आहे. स्वयंपाकघरातल्या नळासाठी आलेल्या प्लंबरला नातीने मदत म्हणून बारा आणे आणून दिले. तो बसला. प्लंबरने या पद्धतीचे नाव विचारले तेव्हा तिने ‘तासगाव’ सांगितले.

आजोबा या नात्याने आबांचे प्रमुख बांधकाम म्हणजे मागच्या अंगणातला झोपाळा. कोणत्याही रचनेवर जितका भार येईल त्याच्या काही पट भार ती पेलेल अशी बेतावी लागते. विमानाच्या सांगाड्याला ही पट १.५ धरतात, तिथे वजन परवडत नाही. लिफ्टच्या दोरांना ती साधारण ८ ते १२ असते. नातवाचे वजन तेव्हा १८ किलो होते. झोका आडवा होईपर्यंत गेला तर खाली येताना दोरांवर वजनाच्या तिप्पट ताण येतो. म्हणजे ५४ किलो. त्यावर आबांनी १० ची पट लावली आणि झोपाळा ५४० किलोंचा झाला. दुभत्या म्हशीला त्यावर निर्धास्त बसता येईल. खांबांचा पाया ४२ इंच खोल आहे, कारण मिशिगनमध्ये जमीन तितकी गोठते असे धरतात आणि त्याहून उथळ पाया गोठणारी माती वर उचलते. नातवाच्या तीनचाकीला त्यांनी दोन ब्रेक लावले होते. ती सायकल चालत नसे, पण थांबत उत्तम असे.

आजींनी एकदा विचारले होते, की पोराला उचलून घ्यायच्या आधी माणूस इतका हिशोब का करतो. त्यावर आबांनी नातवाला उचलून घेतले आणि हिशोब नंतर केला.

घर विकायचे ठरल्यावर झोपाळा काढायला माणूस बोलावला. पाया पाहून तो परत गेला. नव्या मालकांना झोपाळ्यासकट घर मिळाले असून त्यांना मुले नाहीत, एक मोठा कुत्रा आहे.

आबांची सरकपट्टी डिसेंबरात नातीबरोबर पाठवीत आहोत; ती वालचंदच्या दिवसांतली आहे, तिकडेच शोभेल. पान्यांची वाटणी झाली: आणे नातीला, नवे पैसे नातवाला, आणि त्यावरून भांडण चालू आहे. परतीच्या बॅगेत बेदाणे, मेतकूट आणि गोडा मसाला द्यावा. तेलाचे लोणचे नको. विमान कंपनी २३ किलोपर्यंत नेते. आबांच्या पद्धतीने हिशोब धरून २० च भरावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.