शेवटचं पान नसलेले लेखक

तारापूर एमआयडीसीतल्या बहुतेक कारखान्यांत असा एक तरी माणूस सापडतो: पगार केमिस्टचा, पण ओळख करून देताना 'मी मूळचा लेखक'. आमच्याकडचे लेखककाका पालघरहून येतात. निवृत्ती तोंडावर आली, छापून आलेलं पुस्तक एकही नाही, पण 'तुम्ही लेखनाकडे कसे वळलात?' याचं उत्तर तोंडपाठ. प्रश्न कुणी विचारावा लागतो असंही नाही. बोईसरला गाडी लेट असली की पुरतं.

उत्तर सुरू होतं बाबूराव अर्नाळकरांपासून. धनंजय, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. हजाराच्या वर रहस्यकथा. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, पण काकांचा जीव 'अर्नाळकर'मध्ये, कारण अर्नाळा आपला! १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा आम्ही कलेक्टर ऑफिस कुठे होणार याची चर्चा करत होतो आणि काका पेढे वाटत होते. १९९६ साली वारलेले अर्नाळकर अठरा वर्षांनी बदली होऊन आपल्या जिल्ह्यात आले, असा त्यांचा हिशेब.

काकांच्या लहानपणी ही पुस्तकं भाड्याने मिळत. दहा घरं फिरून यायची, त्यामुळे सुक्या बोंबलाचा वास असायचा आणि शेवटचं पान नसायचं. ते भेळवाल्याकडे गेलं की आधीच्या वाचकाने खुन्नस काढली, हे झुंजारलाही उलगडलं नसतं. खून कुणी केला ते कळेना, म्हणून काका अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच खुनी ठरवायचे. आज मामा, उद्या गणिताचे मास्तर. सकाळी शाळेच्या वाटेवर पोरांना रंगवून सांगायचे, आणि पोरं ऐकायची. माझ्यातला लेखक तिथे जन्मला, असं ते म्हणतात. मला पटतं. फक्त त्याची दुसरी बाजू त्यांच्या ध्यानात आलेली नाही: गोष्ट संपवतात कशी, हे त्यांनी कधी वाचलेलंच नाही.

पुढे भा. रा. भागवत भेटले. त्यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणून काकांचा नायक पास्थळचा. तो सायकलवरून चिंचणीच्या किनाऱ्यावर स्मगलरांचा पाठलाग करतो. कादंबरी सुरू झाली तेव्हा करत होता, आजही करतोय. मधल्या काळात डहाणूपर्यंत लोकल आली, काकांची मुलगी लग्न होऊन सासरी गेली, पण स्मगलर काही हाताला लागत नाहीत. नायक दमलाय की काका, विचारायची सोय नाही.

मात्र लॉगबुकात त्यांची लेखणी खुलते. थर्ड शिफ्टची एक नोंद मी स्वतः वाचली आहे: 'रात्री २.४०. व्हॅक्यूम एकाएकी घसरलं. पंपामागे कुणाची तरी सावली हलली. वॉचमन खरंच जागा होता?' आणि खाली सही. सकाळचा केमिस्ट घाबराघुबरा. "काका, मग? बॅच वाचली का?" काका डबा पिशवीत टाकत म्हणाले, "उत्सुकता टिकली पाहिजे." सावली मांजराची होती आणि गॅस्केट गळत होतं, हे नंतर फिटरने एका वाक्यात सांगून टाकलं. त्या माणसाला वाङ्मयाची अजिबात जाण नाही.

साहेबांनी मेमो दिला. काकांनी तो घरी नेऊन 'अभिप्राय' असं लिहिलेल्या फायलीत लावला.

आम्ही हसतो खरे. पण बाकीच्यांचं लॉगबुक ऑडिटर आला तरच कुणी उघडतं, आणि काकांचं वाचायला फर्स्ट शिफ्टवाले चहा सोडून येतात. एवढे नेमाने वाचणारे वाचक पुस्तकं छापलेल्या कितीजणांना आहेत? माझ्या मते काका केव्हाच लेखक झालेत. कादंबरीची वाट बघत बसलेत ते उगाच.

तरी एक विनंती. तुमच्या माळ्यावर अर्नाळकरांचं शेवटच्या पानासकट पुस्तक निघालं, तर काकांपर्यंत पोचवा. त्याआधी खुनी कोण ते गुपचूप आम्हाला कळवा. शिफ्टमध्ये पैज लागली आहे.