किती देते?

डिचोलीत कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात. आमचे भाई आधी विचारतात, "किती देते?" मालक सोळा म्हणाला तर भाईंचा चेहरा पडतो, चोवीस म्हणाला तर त्यांना मालकाच्या एकूण चारित्र्याविषयीच शंका येते.

भाईंची अल्टो साडेएकोणीस देते. हा कंपनीचा आकडा नव्हे. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चढवून काढतात. तिथे कोलवाळच्या पुलावरची रांग नसते आणि डिकीत नारळांची गोणीही नसते. भाईंची पद्धत टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. टाकी भरायची, किलोमीटर लिहून घ्यायचे, पुन्हा भरताना जितके लिटर बसतील त्याने भागायचं. पद्धत बिनचूक, फक्त पेट्रोल दोन्ही वेळा एकाच रेषेपर्यंत यायला हवं. म्हणून पंप तोच, नोझल तोच, गाडीचं तोंडही त्याच दिशेला. घराजवळच्या पंपाची जमीन कलती निघाली, तेव्हापासून भाई डिचोलीहून पेट्रोल भरायला थेट पेडण्याला जातात. ऑटो-कट पडला की खाली उतरून गाडीला कंबरेने धक्के देतात, टाकीतली हवा निघावी म्हणून. पंपावरचा पोरगा तेवढ्यात मागच्या दोन स्कूटर उरकून घेतो.

हा कंजूषपणा असावा असं मलाही वाटायचं. पण 2012 च्या एप्रिलात पर्रीकर सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, लिटरमागे 11 रुपये उतरले, बांदा-दोडामार्गच्या गाड्या हद्द ओलांडून इकडे टाक्या भरू लागल्या, आणि सगळ्या गोव्यात भाई तेवढे थंड. "स्वस्त झालं म्हणून लिटरभरात जास्त पळणार काय?"

उतार दिसला की गाडी न्यूट्रल. भाच्याने एकदा समजावलं: इंजेक्शनची गाडी उतारावर गिअरमध्येच ठेवून पाय उचलला तर पेट्रोल बंद होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन जागं ठेवायला थोडं जळत राहतं, शिवाय ब्रेकवर भार येतो तो वेगळाच. भाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुझं इंजिन शिकलेलं असेल रे."

वहिनींची तक्रार एसीची. मे महिन्यात काचा खाली करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं, आणि घरी आल्यावर वहीत नोंद: 'कलिंगडं 2, मावशी 1. अ‍ॅव्हरेज 18.7.' मावशींनी ती वाचली. त्या आता बसने येतात.

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून मात्र मावशींवरचा आळ गेला. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, हे भाईंना तोंडपाठ आहे. आकडा थोडा घसरला तरी ते अख्खी घसरण इथेनॉलच्या नावावर टाकतात, दुपारभर एसी लावून झोपलेल्या मुलाची सुद्धा.

मध्यंतरी अल्टो विकायची ठरली. दोडामार्गहून गिऱ्हाईक आलं, बॉनेट उघडून बघितलं, एक चक्कर मारली, भावही जुळला. भाईंनी आतून तिन्ही वह्या आणल्या.

"गाडी पसंत आहे," तो म्हणाला, "वह्या राहू द्या तुमच्याकडेच."

व्यवहार तिथेच फिसकटला.