पिकअपला दुसरी बॅटरी: नवशिक्यांसाठी खात्रीची पद्धत

तुमच्या पिकअपच्या हौद्यात चार बेस आणि दोन टॉप आहेत, केबिनवर फिरते लाइट आहेत आणि लग्नसराई तोंडावर आली आहे. गेल्या हंगामात वरात मंडपाशी पोहोचल्यावर गाडी बंद केलीत, पुन्हा सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज आला. होतं असं, मनाला लावून घेऊ नका. गाण्यासाठी वेगळी बॅटरी बसवली की ती कितीही उतरली तरी मूळची बॅटरी सेल्फसाठी भरलेली राहते. पुढच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी उतरतील.

१. हिशेब टाळा. अॅम्प्लिफायर खरोखर १००० वॅट ओढत असेल तर १२ व्होल्टवर ८३ अँपिअर लागतात. असली भागाकाराची सवय लावून घेतलीत तर धंद्यातला उत्साह मावळतो. बॅटरीवर १५० अँपिअर-अवर छापलेलं असतं, ते बहुधा २० तासांच्या संथ वापराचं, म्हणजे साडेसात अँपिअरचं गणित असतं. घाईने ओढली की बॅटरी त्याहून कमी देते, हे प्यूकर्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने १८९७ मध्येच दाखवून दिलं. त्यांच्या वरातीत डीजे नव्हता, सोडून द्या.

२. बॅटरी निवडताना भावाकडे पाहा, जातीकडे नको. गाडीच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देऊन मोकळं व्हायचं, एवढंच तिचं काम. तिला तासन् तास पिळा. पुरती उतरून तशीच पडून राहिली की पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पुढच्या हंगामात नवी घेण्याचा आनंद मिळतो. शिवाय एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावा. जुनी हळूहळू नवीला आपल्या पातळीवर आणते, यात तुमच्याकडून काहीच कष्ट लागत नाहीत.

३. बॅटरी हौद्यात बेसशेजारी ठेवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधा. लोखंडी क्लॅम्पला पैसे पडतात. बेसच्या धक्क्यांनी अॅसिड बाहेर आलं तर ते हौद्यालाच लागेल, आणि हौदा तसाही गंजलेलाच आहे.

४. वायर घरच्या फिटिंगमधून उरलेली घ्या, दीड स्क्वेअरची. वायरमन जाडजूड, पंचवीस-पस्तीस स्क्वेअरची तांब्याची केबल सांगेल. त्याला घाईने चहा पाजा. हात लावल्यावर वायर गरम लागली तर वीज पोहोचत असल्याची खात्री पटते.

५. फ्यूज! नवशिके इथेच कचरतात. नियम असा की प्लसच्या वायरीला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवा. कारण आता वीज दोन्हीकडून येऊ शकते. वायर पत्र्याच्या भोकातून रबरी बुशशिवाय नेली की कडेने साल निघते, तांबं बॉडीला टेकतं आणि बॉडी म्हणजेच मायनस. मग भरलेली बॅटरी हजारभर अँपिअरसुद्धा सोडते, आणि फ्यूज नसेल तर तेवढ्यात वायरच फ्यूजचं काम करते, लांबच लांब, सीटखालून. पण फ्यूज उडाला की ऐन रंगात गाणं थांबतं आणि नवऱ्या मुलाचे मामा तुमच्याकडे बघतात. त्या नजरेपुढे भल्याभल्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चमकी गुंडाळली आहे. तुम्हीही खिशात ठेवा.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार विचारेल, “दादा, मधे आयसोलेटर टाकू का?” हा छोटा डबा इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.३ वर गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि १२.८ च्या आसपास आलं की तोडतो. म्हणजे गाणं एकीवर, सेल्फ दुसरीवर. याच डब्यासाठी खरं तर दुसरी बॅटरी घेतली जाते. तुम्ही म्हणा, “कशाला? डायरेक्ट पॅरलल मार.” आता मिरवणूक रेंगाळतेय, इंजिन आयडलवर, त्या वेगात अल्टरनेटर पुरा जोर देत नाही, आणि दोन्ही बॅटऱ्या हातात हात घालून उतरू लागतात. (प्लसला मायनस जोडून २४ व्होल्ट करू नका. तो पुढचा अभ्यासक्रम आहे आणि त्यात गाडीचा कॉम्प्युटर जातो.)

७. बॅटरी काढताना आधी मायनस सोडायचा म्हणतात, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. तुम्ही प्लसपासून सुरुवात करा. हातातली अंगठी, कडं काढू नका, फोटोत चांगली दिसतात. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे बिडी जरा लांबच्या मित्राला पेटवायला सांगा.

८. रात्री दहाला पोलीस येतील. ध्वनिक्षेपकाचा २००० सालचा नियम दहा ते सहा बंदी सांगतो, आणि साहेब “गाडी बाजूला घ्या” म्हणतील. गाडी सुरू होणार नाही. नाचून दमलेल्यांतून आठ जण निवडा, नवरदेवाला वगळा, दुसरा गिअर टाकून ढकलायला लावा. बॅटरी पुरती मेली असेल तर नवी डिझेल गाडी ढकलूनही उठत नाही, इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरलाच वीज हवी असते. मग चिमट्याच्या वायरी घेऊन दुसरी पिकअप शोधा. तिच्यावर डीजे नसावा, एवढीच अट. ती बहुधा भाजीची असेल आणि पहाटे मार्केटला निघताना भेटेल.