राउटरची शेजारती

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी घरातील वाय-फायच्या राउटरास रात्री 11 वाजता निजवून सकाळी 6 वाजता उठविण्यासाठी 900 रुपये खर्चून एक स्मार्ट प्लग आणला, आणि पहिल्याच पहाटे असे निष्पन्न झाले की राउटरला उठविण्याचा हुकूम या प्लगाला राउटरच्याच मार्फत मिळावयाचा होता. देवाची शेजारती करून गाभाऱ्यास बाहेरून कुलूप लावावे, किल्ली देवाच्या उशाखाली राहावी, आणि काकडआरतीच्या वेळी पुजाऱ्याने निरांजन हातात घेऊन दाराबाहेर उभे राहावे, तसा हा देखावा होता.

असे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक असतातच. पाहुणा हात धुण्यास उठला की त्याच्या माघारी पंखा बंद करणारे, फ्रिजचे दार किती पळे उघडे राहिले हे स्वयंपाकघराबाहेरून मोजणारे, आणि वीजबिल आले की ते सासरच्या पत्रासारखे दोनदा वाचून घडी घालून ठेवणारे. आमच्या या शेजाऱ्यांना एका रात्री पाणी पिण्यास उठले असता दिवाणखान्याच्या अंधारात राउटरचे चार हिरवे दिवे लुकलुकताना दिसले, आणि सारे घर निजलेले असताना एक नोकर जागा राहून आपले धान्य खात आहे असा साक्षात्कार त्यांस झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अडॅप्टरवरील बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचली. 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर; गुणाकार 18 वॅट. वास्तविक तो आकडा अडॅप्टरच्या कमाल ताकदीचा असतो, प्रत्यक्ष खर्चाचा नव्हे. पातेल्यात वीस माणसांचा भात मावतो म्हणून घरात रोज वीस पाने वाढली जातात असे कोणी समजत नाही. मी तसे सुचविताच त्यांनी विजेचा मापक पैदा केला, आणि मापकाने सांगितले, 10 वॅट. घरातील चौघे चार चित्रपट पाहत असोत की सारे कुटुंब गावी गेलेले असो, या आकड्यात फारसा फरक पडत नाही, कारण हवेत लहरी सोडण्यास लागणारी शक्ती अत्यल्प असून बाकीची वीज आतील चिपा जाग्या ठेवण्यात जाते आणि अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता अगदीच वाया जाते असेही म्हणता येत नाही. थंडीत त्यांची मांजर राउटरवरच निजते.

आता जमाखर्च मांडू. 10 वॅटचे यंत्र 7 तास बंद राहिले म्हणजे 70 वॅट-तास वाचले. महिन्याच्या 30 रात्रींचे 2.1 युनिट. परंतु हा शहाणा प्लग स्वतः अहोरात्र हुकमाची वाट पाहत तिष्ठत असतो आणि त्या तिष्ठण्याचा भत्ता म्हणून सुमारे 1 वॅट घेतो, त्याचे महिन्याला 0.72 युनिट झाले. निव्वळ शिल्लक 1.38 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर महिन्याला तेरा रुपये ऐंशी पैसे. म्हणजे प्लगाचे 900 रुपये फिटण्यास पासष्ट महिने, सुमारे साडेपाच वर्षे, आणि तोवर प्लग टिकला पाहिजे. त्यांच्या न्हाणीघरातील गिझर 2000 वॅटचा आहे. राउटरला सबंध रात्र निजवून जी निव्वळ वीज हाती लागते ती हा गिझर दीड मिनिटाच्या आत पिऊन टाकतो, आणि चिरंजीव तो पेटवून दात घासायला जातात, ते वर्तमानपत्र संपवूनच परततात. परंतु गिझरचा तांबडा दिवा न्हाणीघराच्या दाराआड असतो आणि तो लुकलुकत नाही. राउटर लुकलुकतो. एवढ्या एका अपराधावरून त्याच्यावर खटला भरला गेला.

शिक्षेच्या पहिल्या रात्री मी साक्षीदार होतो. बरोबर 11 वाजता कपाटामागून ‘टक्’ असा आवाज झाला, गृहस्थांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले, आणि राउटरचे चारही दिवे पूर्ववत लुकलुकत राहिले. पाच मिनिटे वाट पाहिली. मग उलगडा झाला. मागे भारनियमनाच्या दिवसांत, वीज गेली तरी राउटर क्षणभरही बंद पडू नये म्हणून याच गृहस्थांनी त्यास एक छोटी बॅटरी जोडून दिली होती, आणि ती इमानी बॅटरी, धन्याची वीज गेली असे समजून, जीव ओतून त्याला जागवीत होती. जे यंत्र कधीही बंद पडू नये म्हणून पैसे मोजले तेच वेळेवर बंद पडावे म्हणून पुन्हा पैसे मोजणारा, आणि या दोन खरेद्या एकमेकींसमोर उभ्या करून मध्ये आपण पंच म्हणून बसणारा हा गृहस्थ पाहून मला त्या बॅटरीचीच दया आली. तिला निवृत्त करण्यात आले. साडेअकराला पुन्हा ‘टक्’ झाले आणि राउटर खरोखर निजला.

पहाटे सव्वासहाला माझ्या दाराची घंटा वाजली. गृहस्थ मोबाइल हातात धरून उभे. काही प्लग आपले वेळापत्रक स्वतःच्या पोटात जपून ठेवतात आणि कोणाला न विचारता वेळेवर उठतात. हा त्या कुळातील नव्हता. याला दर खेपेस वरून हुकूम लागे. तो हुकूम मोबाइलमधून निघून कोठल्या तरी परमुलखातील दफ्तरात जाई, तेथे त्याची नोंद होई, मग तो समुद्राखालून आपल्या मुलखात परते, फायबरच्या तारेने इमारतीत चढे, आणि शेवटी राउटरच्या हस्ते, त्याच राउटरपासून चार विती अंतरावर असलेल्या प्लगाकडे पोहोचे. त्या शेवटच्या चार वितींत सारे राज्य अडले होते. गृहस्थ बाल्कनीत जाऊन मोबाइलच्या स्वतःच्या डेटावरून बटण दाबीत होते, आणि परमुलखातील दफ्तर प्रत्येक खेपेस अदबीने कळवीत होते की उपकरण ऑफलाइन आहे. ते ऑफलाइन का आहे हे त्या दफ्तरास ठाऊक असणे शक्य नव्हते. गृहस्थांस ठाऊक होते, पण ते बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. इकडे कपाटामागच्या अंधारात प्लगाचा तांबडा दिवा, हरवलेल्या राउटरच्या शोधात, लुकलुकू लागला होता. चार हिरवे दिवे मालवण्यासाठी आणलेल्या यंत्राने पाचवा लावला.

प्लगावर हाताने दाबण्याचे एक बटण असते. ते बटण कपाटामागे होते, म्हणून कपाट हलवावे लागले. एका बाजूस गृहस्थ, दुसऱ्या बाजूस मी, आणि मध्ये टीव्हीला मिठी मारून उभा असलेला वॉचमन. कपाट वीतभर सरकले तेव्हा मागून निघालेला ऐवज असा: किलवरची राणी, रिमोटचे झाकण, वाळून कडक झालेले लिंबू, आणि पाचशेची एक नोट. नोट पाहून गृहस्थांचा चेहरा क्षणभर उजळला, कारण बचतीच्या हिशेबाने ती तीन वर्षांची कमाई होती. परंतु ती 2016 च्या नोव्हेंबरात चलनातून गेलेल्या कुळीची निघाली. बटण दाबले गेले. आणि याच सुमारास त्यांच्या मातोश्री, हाती फडके घेऊन राउटरवरची धूळ पुसता पुसता म्हणाल्या, “अरे बाळ, याच्या पाठीला हे कसलं रे बटण?” ते राउटर चालू-बंद करण्याचे बटण होते. कारखानदाराने ते फुकट दिले होते, कपाटासमोरून हात पुरत होता, आणि त्यास समुद्र ओलांडावा लागत नव्हता. भिंतीवरील प्रत्येक सॉकेटशेजारी एक खटका असणे हे आपल्या घरांचे भाग्य, अमेरिकेतल्या घरांत तो बहुधा नसतो. आणि तसल्या घरांत शोभणारा प्लग आपण आपल्या खटक्यावर आणून बसवतो, आणि खटक्यासमोर कपाट ठेवतो.

हे सारे मी हसत हसत लिहीत होतो, पण आता पहाटेचे अडीच वाजले आहेत आणि मी जागा आहे, कारण रस्त्यापलीकडे, माझ्या निजण्याच्या खोलीसमोर, जाहिरातीचा एक लोखंडी सांगाडा उभा असून त्यावर प्रत्येकी 150 वॅटचे 8 दिवे लावलेले आहेत. ते दिवे संध्याकाळी सातला लागतात आणि सकाळी सहापर्यंत अव्याहत जळतात, म्हणजे रात्रीला 13.2 युनिट, म्हणजे माझ्या शेजाऱ्याने साडेनऊ महिने दररोज राउटरची शेजारती करून जे काही गाठीस बांधावे ते हा सांगाडा एका रात्रीत जाळतो, आणि तेही कशासाठी, तर गेले तीन आठवडे त्यावर जाहिरातच नाही! पावसाच्या तोंडावर फ्लेक्स उतरवून नेले, दिवे उतरवून नेण्याचे कोणास सुचले नाही, आणि तेव्हापासून हे आठ दिवे रोज रात्री एकाग्र भक्तिभावाने गंजलेल्या उभ्या-आडव्या पट्ट्यांवर प्रकाश टाकीत असतात, जणू त्या पट्ट्या कोणास विकावयाच्या आहेत. मी अर्ज केला. पहिल्या अर्जावर उत्तर नाही. दुसरा अर्ज संबंधित खात्याकडे वर्ग झाला. तिसऱ्या अर्जाच्या उत्तरात मजकडून मजकूर सांगाड्याचा नकाशा दोन प्रतींत मागविण्यात आला; तो नकाशा मी माझ्या खोलीत दिवा न लावता काढला, कारण सांगाड्याचा उजेड पुरेसा होता. आणि अशा रस्त्यावर राहणाऱ्या मनुष्याने 10 वॅटचा राउटर निजत नाही म्हणून तळमळावे, मांजरीखालची ऊब काढून घ्यावी, चिरंजीवांशी भांडावे, आणि मला सव्वासहाला उठवावे! ज्याला खरेच काही वाचवायचे असेल त्याने हॉलमध्ये आणि माळ्याच्या तोंडाशी लावून विसरलेले, वाय-फाय लांबवर पोहोचविणारे दोन रिपीटर उपटून टाकावेत आणि सेट-टॉप बॉक्स रिमोटने नव्हे तर भिंतीवरून बंद करावा, कारण त्यांतले पुष्कळसे रिमोटने बंद केल्यावरही जवळजवळ चालू असतात. हे मी त्यांस सांगितले आहे. त्यांचे म्हणणे, रिपीटरचा दिवा निळा असून स्थिर आहे.

त्यांनी निराळा तोडगा काढला. परवा माळ्यावरून त्यांचा जुना राउटर खाली आला. तो फायबरच्या डबीस जोडून रात्रभर जागा ठेवावयाचा, म्हणजे सकाळी 6 वाजता त्याच्या हस्ते प्लगाला हुकूम पोहोचेल आणि प्लग नव्या राउटरला उठवील. काल रात्री मी पुन्हा साक्षीदार होतो. 11 वाजता ‘टक्’ झाले, नवा राउटर विझला, आणि त्याच्याशेजारी जुना राउटर, दोन शिंगे वर करून, सहा हिरवे दिवे लुकलुकवीत बसला. मांजरीने दोघांस हुंगून पाहिले आणि ती जुन्यावर जाऊन निजली. थोड्या वेळाने मातोश्री आतून आल्या आणि, डोळ्यांवर उजेड येतो म्हणून, मांजरीसकट त्यावर पंचा टाकून गेल्या.