भिडू

ज्याच्याविषयी लिहितो आहे त्याला गावात सगळे भाऊ म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. अनसिंगला वाशिम-पुसद रस्त्यावर उतरून कुणालाही "भाऊ कुठं भेटतील?" असं विचारलं, तर समोरचा "कोणते भाऊ?" असं विचारत नाही, आधी घड्याळ पाहतो. सकाळचे दहा असतील तर भाऊ वावरात. दुपारचे तीन वाजून गेले असतील तर ओसरीवर, सतरंजीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात, डावा गुडघा उभा आणि उजवा दुमडलेला, हातात तेरा पत्ते.

खेळ मेंढीकोट. दुसरे खेळ भाऊंना मान्य नाहीत. रमी म्हणजे "एकट्याचा स्वार्थ", तीन पत्ती म्हणजे "पोलिसायचं गिऱ्हाईक", बदाम सात लेकरांचा. मेंढीकोटात चार माणसं, दोन जोड्या आणि चार दश्श्यांसाठी झटापट. दश्शी म्हणजे मेंढी. तीन मेंढ्या आल्या की डाव आपला, चारही आल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात एकाच जोडीनं ओढले तर बावनी. बावनी चढली की हरलेली जोडी चार दिवस गावात मान खाली घालून फिरते. भाऊंच्या मते तेवढे दिवस पुरेसे नाहीत.

भाऊंचा कॅट जुना आहे. चौकटची सत्ती कधीच हरवली. तिच्या जागी जोकर आहे, त्यावर निळ्या बॉलपेननं 'चौकट सत्ती' लिहिलेलं. बाकीचे पत्ते हाताळून पिवळे पडलेत आणि जोकर तेवढा पांढराफेक, त्यामुळे चौकटची सत्ती कुणाकडं आहे हे वाटतानाच सगळ्यांना कळतं. नवा कॅट आणा म्हटलं की भाऊ म्हणतात, "नव्या पत्त्यायले हात ओळखत नाही."

खेळताना बोलायचं नाही, हा नियम भाऊंनीच घातलेला. म्हणून ते खोकतात. एकदा खोकलं तर इस्पिक, दोनदा खोकलं तर किलवर, छातीवरून हात फिरवला तर बदाम, कान खाजवला तर चौकट. ही भाषा समोरच्या जोडीलाही तोंडपाठ आहे, पण वयाचा मान म्हणून ते न कळल्यासारखं करतात. एका पावसाळ्यात भाऊंना खरोखरीचा खोकला झाला. त्या आठवड्यात किलवरचे इतके हात पडले की शेवटी वहिनींनीच काढा करून बाहेर पाठवला.

पण भाऊंचा खरा खेळ डाव संपल्यावर सुरू होतो. चष्मा कुठं ठेवला हे त्यांना आठवत नाही, पण पडलेले तेराही हात क्रमानं आठवतात. डाव हरला की ते पत्ते गोळा करू देत नाहीत. पालथे हात उलगडतात, ओळीनं मांडतात आणि पंचनामा सुरू करतात.

"चौथ्या हाताले तू किलवरची नव्वी टाकली. टाकली का नाही?"

"टाकली."

"काहून टाकली? दश्शी माह्याकडं होती. म्या काय म्हटलं होतं?"

भाऊंनी काही म्हटलेलं नसतं. एकदा खोकलेले असतात. समोर बसलेला त्यांचा कायमचा भिडू म्हणजे बसस्टँडजवळ शिलाई मशीन टाकून बसणारा टेलर. तो या सगळ्यावर ठरलेलं एकच उत्तर देतो.

"पडली, भाऊ."

टाकली नाही, पडली. या उत्तरापुढं भाऊंचं काही चालत नाही, आणि यातच ही जोडी टिकली आहे. भाऊंना दुसरा, चांगला खेळणारा भिडू देऊन पाहिलं. तो चुकत नव्हता. दोन दिवसांत भाऊ कंटाळले आणि तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन टेलरला मशीनवरून उठवून घेऊन आले.

पैसा मात्र सतरंजीवर येत नाही. पोळ्याच्या सुमारास जुगारावरच्या धाडींच्या बातम्या येतात आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ पेपरात छापून येतं. भाऊ ती बातमी मोठ्यानं वाचतात, चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहतात आणि सांगतात, "आपला बिनपैशाचा खेळ हाय." रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टानं १९६८ साली म्हटलं, हेही त्यांना ठाऊक आहे. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच की कोर्टानं मेंढीकोट पाहिलाच नाही. हरलेल्या जोडीनं चहा आणि आलूबोंडे आणायचे, हा मात्र दंड. टेलर इतकी वर्षं हरतो आहे की आलूबोंडेवाला त्याला पाहूनच कढईत घाणा सोडतो.

गेल्या दिवाळीत भाऊंचा भाचा पुण्याहून आला. इंजिनीअरिंगला आहे. सोयाबीन निघालेलं, भाव पडलेला म्हणून पोती घरातच, तूर उभी. गावाला थोडा निवांतपणा होता. भाच्यानं बॅगेतून एक खोका काढला आणि सतरंजीवर पत्ते पसरले. चित्रांचे, चकचकीत. राक्षस, जादूगार, पंखांचे सर्प, आगीत उभ्या बाया.

"मॅजिक द गॅदरिंग," तो म्हणाला. "१९९३ मध्ये एका अमेरिकन गणितज्ञानं काढला. रिचर्ड गारफिल्ड."

भाऊंनी एक पत्ता उचलला, उलटा केला, परत सुलटा केला. "एक्का कोनता?"

"एक्का नसतो, मामा."

"हुकूम?"

"हुकूमही नसतो."

"मंग राज्य कोनाचं?"

प्रश्न खरोखर अवघड होता. भाच्यानं दमानं समजावलं. दोन खेळाडू म्हणजे दोन जादूगार. प्रत्येकाचा जीव २० अंकांचा. प्रत्येकाचा कॅट स्वतंत्र, आपल्या आवडीनं रचलेला, निदान ६० पत्त्यांचा. सात पत्ते हातात घेऊन सुरुवात. समोरच्याचा जीव शून्यावर आला की जिंकलात. नवे पत्ते पाकिटातून येतात, एका पाकिटात चौदा. पाकिटाची किंमत त्यानं सांगितली तेव्हा कुणीतरी तेवढ्यात किती किलो सोयाबीन जातं याचा हिशेब केला आणि तो पत्ता जपून खाली ठेवला.

हे राक्षसबिक्षस आपले नाहीत, अशी एक कुरकुर मागून आली. मी म्हटलं, सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते आणि दहा रंग, एकेका अवताराचा एकेक. मासा, कासव, डुक्कर, नरसिंह, सगळे पत्त्यांवर. भाऊंनी यावर विचार केला. "म्हंजे नरसिंव्हाचा एक्का असंन," म्हणाले आणि जवळ सरकले.

खरा खेळ उघडला तो जमिनीपाशी. या खेळात कोणतंही जनावर बाहेर काढायचं तर आधी जमीन लागते. माळ, बेट, दलदल, डोंगर, जंगल अशा पाच जातींची. एका पाळीला एकच जमीन टाकायची. ती आडवी केली की तिच्यातून ताकद निघते, त्या ताकदीवर जनावर उभं राहतं. आडवी झालेली जमीन आपली पुढची पाळी येईपर्यंत निकामी.

"म्हंजे रबी नाही," एकजण म्हणाला.

"कोरडवाहू हाय," दुसऱ्यानं दुजोरा दिला.

त्यानंतर भाच्याला फार समजवावं लागलं नाही. साठ पत्त्यांत साधारण चोवीस जमिनी ठेवतात, कमी ठेवल्या तर हातात नुसते राक्षस येतात आणि उभे करायला जागा नसते, हे तर ओसरीवर कुणाला सांगायचीच गरज नव्हती. जमीन आली नाही की लोक "सातबारा कोरा" म्हणू लागले. भाचा हा शब्द पुण्याला घेऊन गेला आहे.

मग स्पर्धा ठरली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आठ जणांची. भाच्याचे वाशिमचे दोन मित्र, एक बारावीतला पोरगा, बाकी सतरंजीवरचे आम्ही. पद्धत स्विस, म्हणजे हरलेला घरी जात नाही, पुढच्या फेरीत दुसऱ्या हरलेल्याशी खेळतो. १८९५ साली झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ही पद्धत निघाली म्हणे. हरूनही उठावं लागत नाही हे कळल्यावर गावानं ती एकमतानं मंजूर केली. एका फेरीला ५० मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं भाऊंच्या पत्ते लावण्यात गेली.

भाऊंनी जंगलाचा कॅट घेतला. "बेट आपल्याले काय कामाचं?" जंगलातली जनावरं मोठी असतात. पहिल्याच डावात त्यांच्या हाती एक अजस्र जनावर आलं आणि भाऊंनी ते हुकमाच्या एक्क्यासारखं दाबून ठेवलं. मेंढीकोटात भारी पत्ता राखतात, योग्य हाताला मारतात. इथं योग्य हात येईपर्यंत बारावीतल्या पोरानं चिल्लर उंदरांनी भाऊंचा जीव कुरतडून शून्यावर आणला. भाऊंनी जनावर सतरंजीवर ठेवलं. "हे होतं माह्याकडं," ते म्हणाले. पोरगा म्हणाला, "हो काका, पण आता मेले तुम्ही."

भाऊंनी तोंड उघडलं आणि सवयीनं समोर पाहिलं. समोर भिडू नव्हता, प्रतिस्पर्धी होता. काहूनही विचारता येईना आणि म्हटलं होतंही म्हणता येईना. त्यांची ती अवस्था आम्ही कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाणी मागितलं.

टेलर दुसऱ्या कोपऱ्यात खेळत होता. जमीन आली की टाकत होता, जनावर आलं की उभं करत होता, आणि जिंकत होता. भाऊ जाऊन त्याच्या मागं उभे राहिले.

"थे जनावर आताच काहून टाकलं?"

"पडलं, भाऊ." आणि पुढच्या पाळीत डाव जिंकला.

दुसरी फेरी भाऊ जिंकले, कारण समोरच्याचा सातबारा कोराच राहिला. हे यश त्यांनी स्वतःच्या डोक्याचं मानलं. तिसरी हरले. टेलर तिन्ही जिंकून पहिला आला. बक्षीस म्हणून भाच्यानं त्याला एक न फोडलेलं पाकीट दिलं. टेलरनं ते न फोडताच शर्टाच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

भाऊ जेवणाच्या वेळीही गप्प होते. वहिनींनी आतून विचारलं, "पत्त्यायले जेवू घालू का तुमाले?" तरी उत्तर नाही. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, जोडीनंही खेळता येतं." त्या प्रकाराचं नाव दोन मुंडक्यांचा राक्षस. दोघादोघांची जोडी, दोघांत मिळून ३० अंकांचा एकच जीव, पाळीही एकत्र. आणि भिडूचे पत्ते पाहायला, उघड बोलायला पूर्ण मोकळीक.

"बोलता येते?"

"हवं तेवढं."

भाऊंच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहून भाच्याला बहुधा आपण काय करून बसलो ते उमगलं असावं. रात्री नऊला डाव बसला. एकीकडं भाऊ आणि टेलर, दुसरीकडं भाचा आणि मी. भाऊंनी टेलरचे पत्ते पाहिले, आपले दाखवले, आणि पहिल्या जमिनीपासून बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. हे टाक, ते राख, थांब, आता टाक, नाही, थांब. इतक्या वर्षांचा खोकला एका रात्रीत मोकळा झाला. टेलर प्रत्येक पत्ता सांगितल्याप्रमाणं टाकत होता. पाऊण तासात ते हरले.

भाऊंनी पत्ते गोळा करू दिले नाहीत. ओळीनं मांडले. बोट एका पत्त्यावर ठेवलं.

"इथं म्या काय म्हटलं होतं?"

टेलरनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "जनावर राख म्हटलं होतं, भाऊ. म्या राखलं."

ओसरीवर कुणीतरी हसू दाबलं. भाऊंनी दुसऱ्या पत्त्यावर बोट नेलं, मग तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी त्यांनी म्हटलेलं होतं आणि टेलरनं ऐकलेलं होतं. पंचनाम्यात आरोपी सापडेना. भाऊंनी सगळ्या ओळी पुन्हा वरपासून पाहिल्या.

"जमिनी कमी आल्या. पिसले कोनं?"

भाच्यानं पिसले होते. पण भाच्याला बोलायची आपल्याकडं रीत नाही. भाऊ थोडं थांबले.

"अन् काट कोनं देल्ली?"

काट मी दिली होती. या खेळात समोरच्यानंच काटायचं असतं. तसं सांगून पाहिलं.

"तरीच," भाऊ म्हणाले. टेलरनंही मान डोलावली. मग दोघं मिळून, कॅट कुठून काटला, अर्ध्यातून की तिसऱ्या हिश्श्यातून, डाव्या हातानं की उजव्या, हे मला विचारत राहिले. चहा आणि आलूबोंडे कुणी आणायचे तेही त्याच चौकशीत ठरलं.