एक जूनची पिढी

दुसरं महायुद्ध संपलं, अमेरिकेत सैनिक घरी परतले आणि पाळणे हलू लागले. 1946 ते 1964 मध्ये जन्मलेली ती मंडळी म्हणजे ‘बूमर’. आमच्या पळसदेव गावात पाळण्यांनी महायुद्ध संपायची वाट पाहिली नव्हती. तरी पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने आमच्या तात्यांना बूमर ठरवलंच.

“म्हंजे काय रं?”

“जुन्या विचारांचे.”

“मग सरळ म्हातारा म्हण की! त्याला अमेरिका कशाला?”

पिढ्यांच्या या हिशेबाला जन्मसाल लागतं, आणि गाडं तिथंच अडतं. तात्यांच्या दाखल्यावर तारीख एक जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही तीच. जन्म कधीचा विचारलं की आई सांगायची, “ज्वारीच्या काढणीत.” मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का बघत. लागला की वय सहा. म्हणजे तात्या बूमर की त्यापुढच्या पिढीतले जेन एक्स, हे त्यांच्या हाताच्या लांबीनं ठरलं.

तात्याही काही कमी नाहीत. “ही जेन झी आळशी, दहा वाजेपर्यंत लोळती,” असं ते पारावर सांगतात. नातू दहापर्यंत झोपतो हे खरं. शेतीची लाइट रात्रीची असते आणि तो पहाटेपर्यंत उसाला पाणी देत असतो, एवढंच सांगायचं राहतं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं नसलं की लेबल फार कामाला येतं.

गावाची खरी विभागणी उजनी धरणानं केली. 1980 च्या सुमाराला धरण पुरं झालं, जुनं गाव पाण्यात गेलं. तेव्हापासून माणसं दोनच जातीची: धरणाआधीची आणि धरणानंतरची. पळसनाथाचं जुनं देऊळ तात्यांच्या रोजच्या वाटेवर होतं. नातवाला ते पाणी खाली जाऊन धरण ‘उणे’त गेल्यावरच दिसतं. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, देऊळ उघडं पडलं आणि बघ्यांची रीघ लागली. तिथं रील कोण करत होतं? तात्या. “इथं आमचा वाडा होता” म्हणत, मोबाइल आडवा धरून. नातू उन्हाला वैतागून “घरी चला” म्हणत होता.

जेन झी 1997 पासून सुरू होते, ही रेघ अमेरिकेतल्या ज्या प्यू रिसर्च सेंटरनं ओढली, त्यांनीच 2023 मध्ये जाहीर केलं, की ही लेबलं आम्ही यापुढे जपून वापरू. पिढ्यांवर बोलणाऱ्या आमच्याकडच्या व्याख्यात्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.