दाजींचे सदुसष्ट नॅनोसेकंद

आमच्या ताईच्या घरची बेल वाजत नाही. बिघडलेली नाही, दाजींनी काढून ठेवली आहे. आपण दारात उभं राहायचं. दाजी अधूनमधून येऊन दार उघडून बघतात, असेल त्याला, असतील तितक्यांना एकदम आत घेतात. दूधवाला, इस्त्रीवाला आणि मी असे तिघं एका दमात आत गेलो आहोत.

दाजी हिंजवडीत कामाला आहेत. काम काय, तर लिनक्सच्या कर्नलमध्ये बाहेरून येणारी पॅकेटं भराभर आत कशी घ्यायची ते बघायचं. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आजीला मुलगा कुरिअरच्या लाइनीतला वाटला होता. दाजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

बेलमागचं शास्त्र त्यांनी मला चहा निवेपर्यंत समजावलंय. नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की ते प्रोसेसरला बेल मारतं, म्हणजे इंटरप्ट देतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून उठतो. चारदोन पाहुण्यांपुरतं हे ठीक. पण लोंढा आला की प्रोसेसर दाराशी हेलपाटे घालण्यातच संपतो आणि आत आलेल्यांना पाणी विचारायला कोणी उरत नाही. १९९६ साली मोगल आणि रामकृष्णन या दोघांनी या रोगावर पेपर लिहिला. ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ हे नाव घेताना दाजी अजूनही आवाज खाली आणतात. लिनक्सचा उतारा म्हणजे नापी. पहिल्या पॅकेटानं बेल मारायची, लगेच बेल बंद. मग कर्नल स्वतः जाऊन बघणार, एका खेपेला साधारण चौसष्टपर्यंत पॅकेटं उचलणार, आणि रांग रिकामी झाली की बेल परत चालू.

ताईनं एकदा विचारलं, “अहो, मग शेवटी बेल परत चालू करायची असते ना?”

“तो पॅच बाकी आहे,” दाजी म्हणाले.

त्यांचा आवडता आकडा सदुसष्ट. दहा गिगाबिटची तार सगळ्यात लहान पॅकेटांनी भरून वाहिली, तर सेकंदाला जवळजवळ दीड कोटी पॅकेटं येतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला तेवढ्यात जेमतेम दोनशे सायकली मिळतात. “मेमरीत दोनदा हात घातला, की संपलं!” असं म्हणून दाजी हताशपणे हात झटकतात. हाच माणूस कोथिंबीर आणायला गेला की दीड तासानं येतो, आणि कोथिंबीर विसरतो.

त्यांचा दुसरा मंत्र: “मोजलंस का?” आमटी खारट झाली म्हणावं, तर “कालच्यापेक्षा किती?” ऑफिसात म्हणे तीन ओळींचा पॅच आणि त्याच्या समर्थनार्थ दोन पानं तक्ते असतात. सुधारणा चार टक्क्यांची. पण त्या दिवशी दाजी येताना चितळ्यांकडून आंबा बर्फी आणतात, आणि ताई ओळखते.

एक गोष्ट मात्र ते प्रत्येक लग्नात, साखरपुड्यात, एकदा तर तेराव्यालाही सांगतात. एक भलंमोठं यंत्र होतं, कोअर भरपूर, पण वेग काही केल्या वाढेना. पोरं कोड नव्यानं लिहायला निघाली होती. दाजींनी नुसती इंटरप्टांची यादी उघडली. एका रकान्यातले आकडे पळत होते, बाकी सगळीकडे शून्यं. साऱ्या रांगांच्या बेला एकाच कोअरच्या डोक्यावर! “बाकीचे बसलेत आरामात,” असं म्हणताना दाजी नेमके मांडवात खुर्च्या अडवून बसलेल्या आमच्या काकांकडे बघतात. मग वाटणी केली, वेग सुटला. इथं टाळ्या घ्याव्यात आणि थांबावं की नाही? पण प्रामाणिकपणा नडतो. “वाटणी करायची, पण एका जोडणीची पॅकेटं एकाच कोअरकडे गेली पाहिजेत हं. क्रम बिघडला की टीसीपीला वाटतं पॅकेट हरवलं, ते पुन्हा पाठवायला लावतं.” तोवर ऐकणारे पंगतीला गेलेले असतात.

मला त्यांचं पटतंही. जे पॅकेट टाकूनच द्यायचंय त्याच्यासाठी आधी मेमरी मागायची कशाला, असं ते तळमळून विचारतात, तेव्हा आपल्या घरचं कोणी लुबाडलं जात असल्यासारखं वाटतं.

गेल्या दिवाळीत पाडव्याला दाजी आमच्याकडे सांगलीला आले. घरचं इंटरनेट रखडत होतं. फराळाचं ताट बाजूला सारून त्यांनी माझा लॅपटॉप ओढला. रात्री उशिरा निकाल आला: कर्नलकडून एकही पॅकेट पडलेलं नाही, कर्नल निर्दोष आहे. तेवढ्यात भाच्यानं वाय-फायचा डबा लोखंडी कपाटामागून काढून टीव्हीवर ठेवला आणि सगळं धो धो चालू झालं. आईनं त्याची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली.

“कोणी हलवला?” दाजी ओरडले. “अरे, आधीचे आकडे घ्यायचे राहिलेत!”

डबा परत कपाटामागे गेला. आई त्या वेळी नागपूरच्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर होती; मावशी जी तोंडाचा आ करून अडकली, ती दाजींचा तक्ता पुरा होईपर्यंत तशीच.